भिकाजीच्या नावाचं पान

घाटकोपरच्या भटवाडीत जुन्या चाळी पाडून टेकडीला टेकून जी उंच बिल्डिंग उभी राहिली, तिच्या वरच्या एका मजल्यावर जानकी मयेकर राहते. त्या मजल्याचा पॅसेज असा की भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय आपल्याच दाराचं कुलूप दिसायचं नाही. दोन्ही बाजूंना घरं, मधे पाइपांचा उभा पोकळ डक्ट. डक्टमधे कबुतरं घुमत असतात, आणि खालच्या मजल्यावर कोणी खोकलं तर वाटतं आपल्याच मोरीत कोणीतरी उभं आहे. चाळीतून इथे आल्यावर पहिले काही महिने जानकी देवापुढे दिवा लावला की एक पणती पॅसेजमधेही ठेवायची. "मेला हा अंधार, दिवसाढवळ्या घरात शिरतो," म्हणायची. पण बाई घाबरट नव्हती हां. तिच्या तोंडाला तर सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा टरकून असायचा.

जानकीचं आयुष्य सांगायचं तर ते जेवणातूनच सांगावं लागेल. लग्न होऊन मालवणजवळच्या गावातून मुंबईला आली तेव्हा नवरा, भिकाजी, गिरणीत होता. पुढे गिरणी बंद पडली. भिकाजी ह्या गेटवर त्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला, आणि जानकीने डबे सुरू केले. साकीनाक्याच्या ऑफिसांत, विक्रोळीच्या वर्कशॉपांत तिचे डबे जायचे. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी. तिच्या बांगड्याच्या तिखल्यासाठी, त्या दाट झणझणीत कालवणासाठी, माणसं बुधवारची वाट बघत. कोणी डबा अर्धा परत पाठवला तर ही फोन करून विचारायची, "काय रे, तब्येत बरी ना? की माझ्या हाताला काय झालं?" माणूस जेवलं नाही की तिला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. आणि नशीब बघा, अख्ख्या एरियाला जेवू घालणाऱ्या ह्या बाईच्या एकुलत्या पोरालाच खाल्लेलं सोसेना.

पोराचं नाव नितेश. अंधेरीला एका कुरिअर कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होता. हसरा, खादाड, बापासारखाच मासळीवर जीव. भिकाजी ह्या नवीन घरात जेमतेम वर्षभर राहिला आणि गेला, आणि त्याच पावसाळ्यात नितेशचं पोट दुखायला लागलं. जुलाब, रक्त, ताप. आधी मूळव्याध म्हणून झाडपाला झाला. मग एका डॉक्टरने टीबी म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात कळलं, हा क्रोन्स. आतड्यालाच सूज येते, आतून जखमा होतात, कधी शांत बसतो, कधी उसळतो. लहान आतड्याचं शेवटचं टोक तर सुजून बंदच झालं होतं. ते कापून काढलं.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, पद्मजा मॅडमनी, जानकीला समोर बसवून सांगितलं होतं, "आजी, बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व जिथून अंगात जातं, तोच तुकडा आपण काढलाय. आता नुसतं खाऊन भागणार नाही. दर महिन्याला इंजेक्शन, जन्मभर. चुकवायचं नाही." जानकीने मान डोलावली. इंजेक्शन बघितलं तर लालभडक. तिच्या डोक्यात बसलं, हे ताकदीचं. आता आपल्याकडे कसं असतं, रोगाचं औषध निराळं आणि ताकदीचं निराळं. रोगाचं चुकवायचं नाही, आणि ताकदीचं, ताकद आली की बंद. नितेश कामावर जायला लागला, गालावर मांस चढलं. "झाली ना ताकद? मग कशाला उगाच टोचून घेतोस," ती म्हणाली. तोही सुयांना कंटाळलेलाच होता. इंजेक्शन बंद झालं, आणि बराच काळ काहीसुद्धा बिघडलं नाही. अंगात साठवलेलं असतं म्हणे, ते पुरलं.

पण पोट अधूनमधून उसळायचं. उसळलं की जानकी आठवायची, काल काय खाल्लं होतं? दूध? दूध बंद. चपाती? बंद. पालेभाजी, तूरडाळ, अंडं, एकेक करून सगळ्यांना घराबाहेर काढलं. एका बुधवारी बांगडा खाल्ला आणि गुरुवारी रक्त पडलं. झालं, बांगडा तर शत्रूच ठरला. नितेश स्वतःच इतका धसकला की मासळीचं नाव काढलं तरी "नको ते विष" म्हणायचा. शेवटी उरली पेज, उकडलेला दुधी आणि मुगाचं पाणी. घरभर डब्यांच्या तिखल्याचा वास, आणि आतल्या खोलीत पोर वाटीभर पेज घेऊन बसलेलं. कोणाच्या डोळ्यात पाणी येणार नाही? जानकीच्या यायचं. पण पथ्य म्हणजे पथ्य, त्यात माया आड येऊ द्यायची नाही, असं ती स्वतःला बजावायची.

मग ते दुसरं सुरू झालं.

एकदा नितेश कामावरून आला तो एकाच पायात चप्पल. दुसरी पॅसेजमधे पडली होती आणि ह्याला पत्ताच नाही. जीभ लालबुंद, गुळगुळीत झाली, पेजसुद्धा चुरचुरायची. म्हणाला, "आई, कापसावर चालतोय असं वाटतं गं. हे पाय माझे वाटतच नाहीत." एके दिवशी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि सरळ मागे कोसळला. जानकी धावली. तो जमिनीवर पडूनच इकडेतिकडे बघत होता. "कोणीतरी ओढलं मला," म्हणाला. मोरीत दुसरं कोणी नव्हतं. डक्टमधून फक्त कबुतरांचा आवाज येत होता.

नोकरी सुटली. भिंत धरून चालायचा, पाय उचलून आपटत, थप, थप. नजर सतत खाली, आपलीच पावलं शोधल्यासारखी. पँट कमरेवर टिकेना म्हणून भिकाजीच्या लुंग्या नेसायला लागला. आणि दुपारी, सगळीकडे सामसूम झाली की, आतल्या खोलीत कोणाशी तरी बोलायचा. जानकीने पडदा बाजूला करून विचारलं, "कोणाशी बोलतोस रे?" तो म्हणाला, "बाबा बसलेत ना." आणि पलंगाच्या पायथ्याशी, जिथे काहीच नव्हतं तिथे, बोट दाखवलं.

तिने मुलुंडला नणंदेला फोन लावला. कुंदा म्हणजे भिकाजीची धाकटी बहीण, गावाशी सगळा संबंध तिचाच. तिने गावच्या घाड्याला विचारून घेतलं. देवाला कौल लावून अडलेलं-नडलेलं सांगणारा तो माणूस, त्याचा शब्द ह्यांच्या घरात कोणी खाली पडू देत नाही. संध्याकाळी कुंदाचा फोन आला. "वहिनी, मागचो उपाशी आसा," ती हळूच म्हणाली. "दादा जाताना नीट जेवललो नाय. म्हणून पोराच्या मागे लागलो. तेका जेवूक घाल, मगे सोडतलो."

जानकीला पटलं. का नाही पटणार? भिकाजी शेवटचे पंधरा दिवस सलाईनवर होता आणि सारखा बांगडा मागत होता, तिने दिला नव्हता. तेही पथ्यच होतं.

बुधवारी तिने डबे भरले आणि त्याच टोपातून नवऱ्याच्या नावाचं पान काढलं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पाट मांडला, भिकाजी जिथे बसायचा तिथेच. भात, तिखलं, एक तळलेली तुकडी, सोलकढी, पाण्याचा तांब्या. आतल्या खोलीत नितेशपुढे पेजेची वाटी ठेवली. हात जोडून म्हणाली, "बा म्हाराजा, जेवा, तृप्त व्हा, आणि पोराला सोडा." मग डब्यांच्या पिशव्या उचलल्या आणि दार ओढून खाली गेली. ह्या पानाचा एक नियम असतो. ठेवलं की मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर येणारा जेवत नाही, आणि बघणाऱ्याचंही बरं होत नाही.

डबे न्यायला येणारा माणूस गेला. ती वर आली, कुलूप काढलं. पान स्वच्छ होतं. कावळा म्हणावा तर एवढ्या उंचावर कावळा कधी फिरकला नव्हता, आणि कावळा असं जेवत नाही. बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला एका ओळीत, लहान-मोठे लावून ठेवले होते. भिकाजी अस्से ठेवायचा. गिरणीतल्या कँटीनपासूनची त्याची सवय.

तिला भीती वाटली, वाटणारच. पण खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. इतक्या दिवसांनी नवरा जेवून गेला होता, तिच्या हातचं, चाटूनपुसून. ती रडली आणि रडता रडता हसली. आत जाऊन नितेशला विचारलं, "कोण आलं होतं रे?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, "ज्याचं होतं त्याने खाल्लं."

पेजेची वाटी तशीच होती, वर साय धरलेली.

मग दर मासळीच्या वारी पान ठेवायचं ठरूनच गेलं. बांगड्यातला मधला तुकडा पानाला. सुरमई आली तर पहिली चकती पानाला. एका रविवारी तर तिने वडे-मटण केलं, खास. खाली उतरताना केस नीट बांधायची, चांगली साडी नेसायची. शेजारणी म्हणायच्या, "काय जानकीताई, आज कुठे?" ही नुसतं हसायची. वर यावं तर पान लख्ख, काटे ओळीत, आणि पाटावर अजून कोणीतरी आत्ताच उठून गेल्याची ऊब. तिने एकदा तळहात ठेवून बघितला होता.

पण नितेशला काही तो सोडेना. पोर दिवसेंदिवस पलीकडेच चाललं होतं. आईकडे बघायचा तर आरपार बघायचा. पेज पुढे केली तर म्हणायचा, "मला कशाला? माझं झालंय जेवण." एकदा तिने त्याचे पाय चेपायला घेतले. बराच वेळ चेपत होती. त्याला कळलंसुद्धा नाही. तो छताकडे बघत होता. जानकी उठून ओट्यापाशी गेली आणि पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडली.

"कुंदा, आता मी बघणार," तिने फोनवर सांगितलं. "समोरासमोर विचारणार. एवढं खाऊन पिऊन पोट भरत नाही त्यांचं?"

"बघू नको वहिनी! तुका घेवन जातलो."

"जाऊ दे घेऊन. मला नेलं तर पोर तरी राहील." एवढं बोलून तिने फोन ठेवला. ही काही बोलाची कढी नव्हती. जानकीने त्या दिवशी देवघर आवरलं आणि मंगळसूत्राचे जपून ठेवलेले मणी नितेशच्या उशाखाली सारून ठेवले.

शुक्रवारी तिने पान वाढलं, हात जोडले, दार उघडलं आणि आत राहूनच धाडकन लावलं. मग अनवाणी, श्वास रोखून, स्वयंपाकघराच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिली. खाली डबेवाला वाट बघत असेल, असू दे. टळटळीत बारा वाजले होते. डक्टमधली कबुतरंही गप्प झाली होती. फ्रीज गुरगुरायचा थांबला आणि घरात इतकी शांतता पसरली की तिला पाटाजवळच्या तांब्यातलं पाणी हललेलंसुद्धा ऐकू आलं असतं.

थप.

मग भिंतीवरून हात घासत आल्याचा आवाज. पुन्हा थप. थप.

पडद्याच्या फटीतून तिला आधी लुंगी दिसली. निळ्या चौकड्यांची, तिनेच घेतलेली. मग उघडी पाठ, मणका न्‌ मणका मोजता येईल अशी. तो पाटावर बसला, खांदा जरा वाकडा टाकून, भिकाजी बसायचा तसा. पहिला घास काढून ताटाबाहेर ठेवला आणि जेवायला लागला. घाई नाही, गडबड नाही. काटा ओठांतून काढायचा आणि कडेला नेऊन ठेवायचा.

जानकी पडद्याबाहेर आली. त्याच्याकडे बघायची तिची छाती झाली नाही. मान खाली घालून, हात जोडून ती म्हणाली, "अहो... मी चुकले. तुम्हाला शेवटी बांगडा दिला नाही. पण पोराचा काय दोष? त्याला सोडा. मला न्या. मी तयार आहे, आत्ता चला."

चावण्याचा आवाज थांबला.

"आई," तो म्हणाला, अगदी समजावून सांगितल्यासारखा, "मागे वळून बघायचं नसतं ना."

तिने मान वर केली. नितेश होता, अर्धवट वळून बसलेला. ओठांना तिखल्याचा लाल मसाला लागलेला, हातात घास, आणि डोळे तिच्यावर नाहीत, तिच्या जरासे पलीकडे, दारावर. आयुष्यात पहिल्यांदा जानकीला वाटलं, नवऱ्याचं भूत असतं तर बरं झालं असतं.

ती ओरडली नाही. त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि कशीबशी म्हणाली, "भात आणू?" त्याने मान हलवली. तिने आणला. त्याने खाल्ला. पुन्हा आणला, पुन्हा खाल्ला. टोपातलं संपत आलं तेव्हा जानकीने त्याचं तोंड पदराने पुसलं, शेजाऱ्यांच्या मदतीने खाली उतरवलं आणि रिक्षात घालून तडक हॉस्पिटल गाठलं. डबे ओट्यावर तसेच राहिले. इतक्या वर्षांत भरून ठेवलेले डबे त्या दिवशी पहिल्यांदा गेले नाहीत.

पद्मजा मॅडमनी नितेशला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. तो झाडासारखा कोसळला, त्यांनी धरला म्हणून वाचला. पायाला टाचणी टोचली, त्याने विचारलं, "टोचली का?" रक्त तपासलं. मग त्या जानकीकडे वळल्या. "इंजेक्शन कधी बंद केलं?"

जानकीने सगळं सांगितलं. ताकद आली म्हणून बंद केलेलं इंजेक्शन, पेज, घाडी, पान. काही म्हणून लपवलं नाही. मॅडम आधी भयंकर चिडल्या. "अहो, ते टॉनिक नव्हतं! नसा त्याच्यावर चालतात, डोकं त्याच्यावर चालतं. ते नसलं की पाय कळत नाहीत, अंधारात आणि डोळे मिटल्यावर तोल जातो, नसलेली माणसं दिसतात. आणि त्यात तुम्ही ह्याला उपाशी मारलंत. आजार उसळलेला असेल तेवढे दिवस सांभाळून खायचं, शांत झाला की हळूहळू सगळ्यावर यायचं. जे खरंच सोसत नाही तेवढंच सोडायचं. एवढं सगळं सोडायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही," जानकी म्हणाली.

मॅडम जरा शांत झाल्या. "ते पान," त्या म्हणाल्या, "त्याने बी-ट्वेल्व्ह मिळणार नव्हतं. पण पोटात जे काही अन्न गेलं ते त्यातूनच गेलं. नाहीतर तुम्ही आज त्याला इथे घेऊन आला नसता. आणि बघा, मासळीने पोट बिघडलं का?"

बिघडलं नव्हतं. जानकीच्या हे लक्षातसुद्धा आलं नव्हतं, कारण तिच्या हिशोबी मासळी दुसरंच कोणीतरी खात होतं.

"पाय परत येतील?" तिने विचारलं.

"डोकं येईल. पाय किती येतील ते आत्ता नाही सांगता येत. उशीर झालाय."

लाल इंजेक्शनं सुरू झाली, आधी रोजची, मग आठवड्याची. नितेश हळूहळू परत आला. पहिल्यांदा आईकडे सरळ बघितलं, मग शिव्या घातल्या, मग मोबाइल मागितला. जानकीने त्या शिव्या कान भरून ऐकल्या. वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागला. घोट्यापर्यंत अजूनही काही कळत नाही. चप्पल घातली की खाली बघून खात्री करून घेतो.

घरी आल्यावर पहिल्या बुधवारी जानकीने त्याच्यासाठी टेबलावर ताट वाढलं. मऊ भात, काटे काढलेला बांगडा, तिखट बेताचं. ती समोर बसून बघत राहिली. तो जेवत होता, मधेच थांबून म्हणाला, "आई, एक सांगू? रागावू नको हां."

"सांग की."

"मला वाटलेलं मी गेलोय."

"कुठे?"

"मेलोय गं. पाय जमिनीला लागत नव्हते. बाबा येऊन बसायचे. तू माझ्याशी हळूच बोलायचीस, रडायचीस. तरी मला नक्की कळत नव्हतं. मग त्या दिवशी तू पाट मांडलास, बांगडा वाढलास, हात जोडलेस आणि मागे न बघता निघून गेलीस. म्हटलं, झालं. आईलाही कळलं. हे माझंच पान." तो हसला, अगदी पूर्वीसारखा. "जिवंत होतो तोवर पेज दिलीस, मेल्यावर बांगडा."

जानकीच्या हातातला डाव तसाच राहिला. भात निवत होता.

"इतकं मस्त असायचं ना जेवण," घास कालवता कालवता नितेश म्हणाला, "की परत यावंसंच वाटत नव्हतं."